भुऱ्याची वही: हार्टवर्मच्या उपचारांच्या नोंदी

२ फेब्रुवारी

भुऱ्या, निवाऱ्यातला कुत्रा, आज घरी आला. वजन १८.२ किलो. निवाऱ्यात दात पाहून वय चारच्या आसपास सांगितलं. उजव्या कानाची कड कधीतरी फाटून भरलेली, बाकी अंगानं बरा. गाडीत हूं की चूं केलं नाही, पुढच्या पायांवर हनुवटी टेकून पडून राहिला. घरात शिरल्यावर भिंतीच्या कडेकडेनं सगळ्या खोल्या हुंगून झाल्या आणि मग बाबांच्या आरामखुर्चीखाली शिरला, तो रात्रीपर्यंत तिथंच. बाबा पाय वर घेऊन बसले. "राहू दे त्याला, मला काही अडचण नाही," म्हणाले.

रात्री दोनदा खोकला. कोरडा, घशात काही अडकल्यासारखा, शेवटी उबळ. निवाऱ्यात म्हणाले होते की गारठ्यानं होतंय, जाईल आपोआप. मला तसं वाटत नाही. डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

रस्त्यावरून आलेल्या कुत्र्याचं मागचं काही कळायला मार्ग नसतो. निदान इथून पुढचं तरी लिहिलेलं असावं म्हणून ही वही.

५ फेब्रुवारी (दिवस ०)

हार्टवर्म निघाला, म्हणजे फुप्फुसाच्या धमन्यांत वाढणारा जंत.

थोडंसं रक्त, काही मिनिटं, आणि किटवर दुसरी रेघ उमटली. ही चाचणी पूर्ण वाढलेल्या मादी जंताच्या अंगातून रक्तात सुटणारं एक प्रथिन पकडते. डॉक्टर म्हणाल्या, एका रेघेवर एवढे मोठे उपचार सुरू करत नाहीत, दुसरा पुरावा हवा. त्यांनी ताज्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतला, सूक्ष्मदर्शकातून थोडा वेळ पाहिलं आणि मला बोलावलं. आधी नुसत्या तांबड्या पेशी, दाटीवाटीनं. मग एका कोपऱ्यात त्या पेशी हलताना दिसल्या. उंच गवतात साप शिरला की साप दिसत नाही, गवत हलतं, तसं. डोळा सरावल्यावर दोरा दिसला; बारीक, जागच्या जागी वळवळणारा. मायक्रोफिलेरिया, म्हणजे जंताची पिल्लं, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. एका थेंबात मी सात मोजली. भुऱ्या तेव्हा टेबलावर माझ्या कोपराला नाक लावून उभा होता.

एक्स-रेत फुप्फुसाकडे जाणारी धमनी फुगलेली, हृदयाची उजवी बाजू किंचित मोठी. सोनोग्राफीत धमनीच्या पोकळीत एकमेकींजवळ दोन समांतर रेघा, गणितातल्या बरोबरच्या चिन्हासारख्या. त्या रेघा म्हणजे जंताच्या अंगाच्या दोन कडा. हृदयाच्या कप्प्यांत मात्र जंत नाहीत, ही आजची चांगली बातमी. आजाराच्या चार टप्प्यांपैकी दुसरा.

घरी बाबांना सांगितलं तर म्हणाले, "जंतच ना? मग जंताची गोळी द्या, संडासावाटे पडतील." मीही सकाळपर्यंत असंच समजत होते. हे जंत पोटातले नव्हेत. डासाच्या चाव्यातून अळी शिरते, सहा-सात महिने अंगात फिरत वाढते आणि शेवटी फुप्फुसाच्या धमन्यांत मुक्काम करते. मादी ३० सेंटिमीटरपर्यंत वाढते, म्हणजे शाळेतली फूटपट्टी. तिथं जंत पाच ते सात वर्षं जगतो. आणि तिथून बाहेर पडायला वाट नाही. जिवंत असला तरी नाही आणि मेला तरी नाही. मेलेला जंत तिथंच कुजतो, त्याचे तुकडे रक्ताबरोबर फुप्फुसात पुढे सरकतात आणि बारीक नळ्यांत अडकतात. शरीर हळूहळू ते जिरवतं. त्या काळात कुत्रा धावला, हृदयानं रक्त जोरात ढकललं, की जास्त तुकडे एकदम पुढे जातात. डॉक्टरांनी मला हे दोनदा समजावलं आणि मग म्हणाल्या, "औषध मी देईन. त्याला बसवून ठेवायचं काम तुमचं, आणि ते माझ्यापेक्षा अवघड आहे."

आजपासून धावणं बंद. उड्या, जिने, खेळ, दुसऱ्या कुत्र्यांशी मस्ती, सगळं बंद. किती दिवस? निदान पाच महिने.

६ फेब्रुवारी (दिवस १)

आजची महिन्याची पहिली गोळी, आयव्हरमेक्टिनची, किलोमागे जेमतेम ६ मायक्रोग्रॅम. ती कोवळ्या अळ्यांना मारते, पिल्लंही कमी करत नेते. रक्तातली पिल्लं एकदम मेली तर अंगावर रिअॅक्शन येऊ शकते, म्हणून आधी अॅलर्जीचं औषध आणि स्टेरॉइड देऊन आठ तास दवाखान्यात ठेवला. काही झालं नाही. मी शेजारी जमिनीवर बसून होते, तो माझ्या चपलेवर डोकं ठेवून झोपला.

मला अडवून डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली ती लिहून ठेवते: गुरांसाठी मिळणारं आयव्हरमेक्टिन अंदाजानं कुत्र्याला कधीही द्यायचं नाही. मात्रा कितीतरी पट चुकते, आणि कोलीसारख्या कुत्र्यांच्या काही जातींना तर ते मेंदूपर्यंत जाऊन जिवावर बेततं.

संध्याकाळपासून डॉक्सिसायक्लिन सुरू, किलोमागे १० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, २८ दिवस. जंतांवर अँटिबायोटिक कशाला, असं मला वाटलं होतं. तर या जंतांच्या अंगात वोल्बाकिया नावाचे जिवाणू राहतात आणि जंताचं त्यांच्यावाचून चालत नाही. आधी ते मारले की जंत अशक्त होतो, त्याची वीण थांबते, आणि पुढे तो मरताना फुप्फुसाला सूजही कमी येते.

खिडक्यांना जाळ्या होत्याच, एक फाटलेली आज शिवली. भुऱ्याला चावलेला डास पिल्लं घेऊन जातो, पंधरवड्यात ती त्याच्या अंगात तयार होतात, आणि मग तो दुसऱ्या कुणाच्या कुत्र्याला चावतो. कुत्र्यापासून कुत्र्याला थेट लागत नाही, मधे डास लागतोच. तेव्हा भुऱ्याला डासांपासून जपणं हे नुसतं भुऱ्यासाठी नाही.

९ फेब्रुवारी

सकाळची गोळी उलटली. रिकाम्या पोटी दिली होती, माझी चूक. आता अर्धं जेवण, मग गोळी, मग उरलेलं जेवण, वर पाणी. दुधातून द्यायची नाही, औषध अंगी लागत नाही.

१० फेब्रुवारी

उलटी नाही.

१५ फेब्रुवारी

पिंजऱ्यावरून घरात आज वाद झाला. बाबांना पिंजरा हा शब्दच सोसत नाही. "आयुष्यभर मोकळा हिंडला आणि आपण आणून कोंडायचं?" मी सगळं पुन्हा सांगितलं. ते गप्प बसले, मग उठून आपली जुनी सतरंजी आणली आणि घडी घालून आत अंथरली. "मग निदान मऊ तरी असू दे."

कोंडलेला मात्र नाही. दार उघडं ठेवून जेवणाची वाटी आधी दाराशी, मग आत, मग अगदी मागच्या भिंतीला. आज सहाव्या दिवशी तो दुपारी आपणहून आत जाऊन झोपला. दार अर्धा मिनिट लावलं, उघडलं. मग दोन मिनिटं. तो ओरडायच्या आत उघडायचं; ओरडल्यावर उघडलं तर ओरडल्यानं दार उघडतं हेच तो शिकेल.

गळ्यातला पट्टा काढून छातीचा हार्नेस आणला. गळ्याला हिसका बसला की खोकला चाळवतो.

२४ फेब्रुवारी

बाबांनी श्वास मोजायचं काम स्वतःकडे घेतलं आहे. डॉक्टरांनी सांगितलं होतं की कुत्रा गाढ झोपलेला असताना मिनिटाचे श्वास मोजा, तिशीच्या आत हवेत. बाबा मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि पिंजऱ्यासमोर मोढा घेऊन बसतात. बरगडी वर गेली, खाली आली, की एक. ओठ हलतात, आवाज नाही. कुत्रा स्वप्नात पाय झाडत असेल तर ती मोजणी धरायची नाही, असा त्यांचा नियम. मग थांबतात, तो शांत झाला की पुन्हा पहिल्यापासून. आजचे आकडे: दुपारी २४, रात्री २२. वहीत त्यांच्या अक्षरात आहेत.

५ मार्च

डॉक्सिसायक्लिन संपलं. खोकला दिवसाला एखादा. आता महिनाभर नुसतं थांबायचं.

हे थांबणं मला आधी वेळ घालवणं वाटलं. जंत आत आहेत, मारायचं औषध आहे, मग आजच का नाही? डॉक्टरांनी बोटांवर मोजून हिशेब सांगितला. दोन महिन्यांच्या आतल्या अळ्या महिन्याच्या गोळीनं मरतात. पूर्ण वाढलेले जंत इंजेक्शननं मरतात. मधल्या वयाचे मात्र दोन्हीला दाद देत नाहीत. हे दोन महिने गेले की मधले मोठे होतात, खालून नवे वाढत नाहीत, आणि इंजेक्शनच्या तावडीतून कुणी सुटत नाही. शिवाय वोल्बाकिया मेल्यावर जंत सुकत जातो, त्यालाही दिवस लागतात.

६ मार्च

महिन्याची दुसरी गोळी. बाबांनी कुठंतरी वाचलं की या औषधाचं मूळ जपानमधल्या मातीत सापडलेल्या जिवाणूत आहे आणि ते शोधणाऱ्या विल्यम कॅम्बेल आणि सातोशी ओमुरा यांना २०१५ साली नोबेल मिळालं. गोळी भुऱ्याला देण्याआधी त्यांनी ती तळहातावर घेऊन नीट पाहिली.

२० मार्च

सगळ्यांत कठीण दिवस हे आहेत, असं आता वाटतं. त्याला बरं वाटू लागलं आहे. वजन १९.१. डोळ्यांत चमक आली, शेपूट वर राहते, पट्ट्याचा आवाज झाला की पुढचे दोन्ही पाय ताणून छाती जमिनीला टेकवून खेळायला बोलावतो. जो कुत्रा पहिल्या दिवशी खुर्चीखालून निघाला नाही तो मला खेळायला बोलावतो आहे आणि मी पाठ फिरवते. आज तसं करताना रडू आलं. त्याला कसं सांगू, की छातीत अजून सगळे जंत तसेच आहेत.

अंग थकवता येत नसेल तर नाक थकवायचं. जुना टॉवेल, त्यात दाणे टाकून गुंडाळी, गुंडाळीला सैल गाठ. पहिल्यांदा दोन मिनिटांत सोडवली, आता दोन गुंडाळ्या एकात एक. कागदाचे बोळे भरलेलं खोकं, त्यात एकाच बोळ्यात खाऊ. दिवसातून चारदा बाहेर, फक्त शी-शूसाठी, आखूड पट्टा, पाचच मिनिटं. पण त्या पाच मिनिटांत एकाच झाडाचं बूड हुंगत बसला तर हुंगू देते. तळहाताला नाक लाव, हे शिकवलं. बसल्या जागी करण्यासारखं आणि पुढे दवाखान्यात त्याला पकडून ओढावं लागणार नाही. वीस मिनिटं नाकाचं काम केलं की तासभर झोपतो.

जिन्यावरून मी उचलून नेते. एक हात छातीखाली, एक मांड्यांमागून.

२८ मार्च

वादळ झालं, विजा कडाडल्या. तो पिंजऱ्यात गोल गोल फिरू लागला, धापा टाकू लागला. दार उघडून मी आत अर्धी शिरले, पाठीवर हात ठेवून बसले. डॉक्टरांना फोन केला. अशा वेळेसाठी आणि कोंडून राहणं सोसावं म्हणून ट्रॅझोडोन लिहून दिलं. मला गुंगीचं औषध द्यायला जड जात होतं. पण धडधडणारं हृदय आत्ता त्याला परवडणारं नाही.

६ एप्रिल (दिवस ६०)

पहिलं इंजेक्शन. मेलार्सोमीन, आर्सेनिकचं औषध. किलोमागे २.५ मिलिग्रॅम, म्हणून आधी पुन्हा वजन केलं: १९.२ किलो, म्हणजे ४८ मिलिग्रॅम. डॉक्टरांनी हातमोजे घातले. औषध भरल्यावर सुई बदलली, कारण सुईला बाहेरून लागलेलं औषध कातडीखाली सांडलं तर तिथं आग होते, सूज येते. कमरेच्या मणक्यालगतच्या स्नायूत खोल टोचायचं असतं. बाजू: उजवी. हे ठळक लिहिते, पुढचं डावीकडे द्यायचं आहे.

टोचताना कण्हला नाही. काढल्यानंतर मिनिटभरानं मान वळवून कमरेकडे पाहिलं आणि बारीक आवाज केला.

रात्रभर दवाखान्यात. प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइड, सुरू: पहिला आठवडा किलोमागे अर्धा मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, दुसरा एकदा, मग दोन आठवडे दिवसाआड. मधेच तोडायचं नाही, उतरवतच आणायचं.

७ एप्रिल

घरी आणला. बसवत नाही त्याला. उभ्या उभ्या डुलक्या घेतो, मग पुढचे पाय घसरत घसरत पोटावर येतो. कमरेच्या उजवीकडे लिंबाएवढी कडक सूज. आज उचलून न्यायचं नाही, पोटाखालून टॉवेलची झोळी करून जिन्यावरून सावकाश. दुखण्यावर गॅबापेंटिन. जेवण हातानं भरवलं.

८ एप्रिल

दुपारी स्वतः बसला. तेवढं पुरे आजसाठी.

११ एप्रिल

स्टेरॉइडनं तहान आणि भूक दोन्ही भडकल्या. पाण्याचं भांडं दिवसात पाचदा भरलं. पाणी तोडायचं नाही, बाहेर न्यायच्या फेऱ्या वाढवायच्या. रात्री एक आणि चारचा गजर मी लावते, सहाची फेरी बाबांची.

१४ एप्रिल

हे लिहायला बसायला रात्रीचे अकरा झाले.

इंजेक्शनला आठवा दिवस. डॉक्टरांनी बजावलं होतं की सातवा ते दहावा दिवस सर्वांत धोक्याचा, जंत मरून तुटायला लागतात तेव्हा. मला पाठ होतं. तरी सकाळी दाराची घंटा वाजली, मी पिंजऱ्याची एकच कडी लावून दाराकडे गेले. खालची लावली नाही. त्यानं नाकानं दार ढकललं, माझ्या पायांमधून बाहेर, जिन्यात मांजर बसलं होतं. दोन मजले खाली आणि परत वर. एक मिनिट झालं असेल. वर आला तेव्हा जीभ बाहेर, खूश.

दुपारी ठीक होता. चारला बाबांनी हाक मारली. झोपेतले श्वास ३८. त्यांनी तीनदा मोजले होते, मला सांगायच्या आधी. संध्याकाळी खोकला सुरू झाला, ओला, आणि सतरंजीवर एक गुलाबी ठिपका दिसला. ओठ वर करून हिरडी पाहिली: फिकी. बोटानं दाबून सोडली, रंग परतायला दोन सेकंदांहून जास्त वेळ लागला.

दवाखान्यात ताप १०३.८ फॅरनहाइट. एक्स-रेत उजव्या फुप्फुसात धूसर पट्टा. मेलेल्या जंताचे तुकडे अडकले. ऑक्सिजनच्या पेटीत ठेवलाय, स्टेरॉइडची मात्रा पुन्हा दिवसातून दोनदा केली. रात्र तिथंच. काचेतून पाहिला तर त्यानं शेपटीचं टोक दोनदा आपटलं.

कडी मी लावली नाही. घंटा कुणी वाजवली, मांजर कुठून आलं, याला अर्थ नाही.

१५ एप्रिल

श्वास ३२. अजून ऑक्सिजनवर. बाबा रात्री झोपले नाहीत, सकाळी पिंजऱ्याच्या दाराला तिसरी कडी बसवत होते.

१७ एप्रिल

घरी. ताप नाही, खोकला कोरडा, श्वास २६. दोन आठवडे पिंजऱ्यातून फक्त शी-शूला बाहेर, तेही झोळीनं. घंटेची तार काढली. दारावर चिठ्ठी लावली: वाजवू नका, फोन करा. घराच्या दारापासून चार हातांवर मुलांसाठी मिळतं तसं आडवं फाटक बसवलं. म्हणजे पिंजरा, फाटक आणि मग दार.

२ मे

एक्स-रे साफ होत आलाय. ठरल्या तारखेला पुढची इंजेक्शनं द्यायला डॉक्टरांची हरकत नाही. एकच इंजेक्शन घेऊन थांबलो तर चालणार नाही का, असं मी विचारलं. खरं तर मी घाबरले होते. पहिलं इंजेक्शन काही जंत मारतं, उरलेले पुढच्या दोघांनी जातात; तिन्ही मिळून ९८ टक्के जंत मरतात. जंतांची संख्या टप्प्याटप्प्यानं उतरावी, सगळे एकदम मरून फुप्फुसावर कोसळू नयेत, म्हणूनच पहिलं एक आणि महिन्यानं दोन.

६ मे (दिवस ९०)

दुसरं इंजेक्शन. वजन १९.८. बाजू: डावी.

७ मे (दिवस ९१)

तिसरं, चोवीस तासांनी. बाजू: उजवी. मुक्काम दवाखान्यात.

८ मे

आता दोन्ही बाजू सुजलेल्या. पाठीवरून हात फिरवायची सवय झाली होती, ती आठवणीनं टाळते. कपाळ आणि कानामागची जागा एवढीच माझी. बाबा पिंजऱ्याच्या गजांतून दोन बोटं आत घालून बसले होते, आणि त्यानं त्या बोटांवर हनुवटी ठेवली होती. तासभर त्यांनी हात हलवला नाही.

१३ ते १८ मे

धोक्याचे दिवस. कामावरून रजा. श्वास तीन वेळा मोजायचे, हिरड्या दोनदा, ताप एकदा.
१३: २४, २६, २४. हिरड्या गुलाबी.
१४: २६, २४, २२.
१५: २८, २८, २६. खोकला एकदा. फोन केला, थांबून पाहा म्हणाल्या.
१६: २४, २४, २४.
१७: २२, २४, २२.
१८: २२, २२, २०. ताप एकदाही नाही.

२५ मे

शेवटच्या इंजेक्शनला अठरा दिवस. सहा आठवड्यांपर्यंत तुकडे अडकू शकतात, त्यामुळे कड्या तिन्ही.

टॉवेलच्या गाठी आता इतक्या सफाईनं सोडवतो की मला नव्या सुचत नाहीत. बाबांनी तीन वाट्या उलट्या ठेवून एकीखाली खाऊ लपवायचा खेळ काढला. भुऱ्या आधी वाट्यांकडे बघत नाही, बाबांच्या तोंडाकडे बघतो.

५ जून (दिवस १२०)

रक्ताचा थेंब पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली. मला बोलावलं. बराच वेळ पाहिलं, कोपरान् कोपरा. पेशी जागच्या जागी, कुठंच काही हललं नाही. रक्तात पिल्लं नाहीत. याचा अर्थ मोठे जंत गेले असा होत नाही, तो निकाल फार पुढे. पण फेब्रुवारीत याच टेबलापाशी उभं राहून पाहिलेलं डोळ्यांपुढे होतं.

२ जुलै

शेवटच्या इंजेक्शनला आठ आठवडे पुरे. एक्स-रेत फुप्फुस स्वच्छ, धमनी अजून थोडी जाड. ती कदाचित तशीच राहील. जंतांनी आतून जे खरवडलं ते सगळं भरून येत नाही. हृदयाची उजवी बाजू मापात. चालायला परवानगी. हळूहळू: पहिला आठवडा दहा मिनिटं, मग पंधरा, मग वीस. पाच महिने पडून राहिलेल्या कुत्र्याचे स्नायू उतरलेले असतात, मांड्या हाताला लागतातच तशा.

जिना आज तो स्वतः उतरला. पहिल्या पायरीवर थांबून माझ्याकडे पाहिलं, उचलून घ्यायची वाट पाहत. मी बसले, तळहात पुढे केला. त्यानं नाक लावलं. एक पायरी. पुन्हा तळहात. चौथ्या पायरीनंतर हात लागला नाही.

१९ जुलै

कुंपण घातलेल्या मोकळ्या जागेत नेऊन लांब दोर सोडला. पहिल्यांदा काय करायचं ते त्याला कळेना. मग पळाला. कान मागे, मागचे पाय पुढच्यांच्या पुढे पडतायत. मी मनात आकडे मोजत होते, वीसला थांबवणार होते. तो पंधरालाच आपण होऊन वळला आणि बाबांच्या पायांवर येऊन आदळला. बाबांनी लगेच बरगडीवर हात ठेवला. मग घड्याळ काढलं.

घरी येऊन झोपल्यावर श्वास २०. खोकला नाही.

९ फेब्रुवारी

शेवटच्या इंजेक्शनला नऊ महिने पुरे. याआधी ही चाचणी करून भरवसा नसतो, मेलेल्या जंतांचं प्रथिन रक्तातून जायला तेवढा काळ लागतो. तेच किट, तेच थोडं रक्त. मी रेघेकडे बघितलं नाही, भुऱ्याकडे बघत राहिले. डॉक्टरांनी वेळ पुरा होऊ दिला, वर पाच मिनिटं जास्त थांबल्या, मग किट माझ्यापुढे सरकवलं. एकच रेघ.

बाहेर बाकावर बाबा बसले होते. सांगितलं तर काही बोलले नाहीत, रुमालानं चष्मा पुसत राहिले. भुऱ्यानं त्यांच्या गुडघ्यावर पंजा ठेवला.

वजन २१.४.

पिंजऱ्याचं दार काढून टाकलं. पिंजरा आणि सतरंजी तशीच आहे, दुपारी तो तिथंच झोपतो.

६ मार्च

महिन्याची गोळी, सकाळी आठला. ही आता जन्मभर, एकही महिना न चुकवता. वहीत नोंद बाबांनी केली: "चावून खाल्ली. पुढची ६ एप्रिल."